हिरवी वायर

"ज्यानं हे करून ठेवलंय त्यालाच बोलवा ना, धनसिंगभाऊ. या ताईंना कशाला उगाच मागं बसवलंय?" हितेंद्रशेठ पुटपुटले. अगदी हळू, शेजारच्या खोलीत पाहुणे झोपलेले असताना माणूस बोलतो तसं. पण माझ्या कानांवर हेडफोन होते, आणि चार सीटच्या विमानात पुटपुटणं नावाची गोष्टच नसते. पुढच्यानं ओठासमोरच्या माइकमध्ये नुसता उसासा टाकला तरी तो मागच्याच्या कानात येऊन बसतो. शेठ नवीन, त्यांना हे अजून उमगलेलं नाही. धनसिंगभाऊंना उमगतं. त्यांची मान एकदम ताठ झाली, आणि उत्तर द्यायच्या ऐवजी त्यांनी इंजिनाची दांडी पुढं ढकलली. इंजिन वाढलं तशी ती बारीक शीळ चढली, कुणी दात आवळून रडं दाबावं तशी. दांडी मागं घेतली तशी उतरली. मी वहीत लिहिलं, आवाज इंजिनाबरोबर चढतो. हात नीट चालत होता. बाकीची मी मात्र त्या एका शब्दापाशी थांबले होते. त्यालाच. त्यालाच बोलवा. "तो आता नाही आपल्याकडे," शेवटी धनसिंगभाऊ म्हणाले. "सोडून गेला?" शेठनी विचारलं. "हां. तसंच," भाऊ म्हणाले, आणि जळगावच्या धावपट्टीवर चैत्राचं ऊन पाण्यासारखं हलत होतं तिकडं बघत राहिले.

शेठ वाईट माणूस नाही. फैजपूरला त्यांचा केळीचा धंदा, गाड्याच्या गाड्या उत्तरेत जातात, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांना उडायची हौस आली. कुठल्याशा क्लबचं जुनं विमान त्यांनी घेतलं. आतून बघाल तर जुन्या मारुती गाडीपेक्षा जास्त अडचण, पण शेठ त्यात चढताना चपला काढतात. त्या विमानाच्या रेडिओत महिन्याभरापासून ही शीळ शिरली होती. टॉवरवरचा माणूस बोलतो ते अर्धं ऐकू येतं, अर्धं शीळ खाते. अर्धं ऐकून उडता येत नाही. म्हणून मी. मी धुळ्याची, देवपूरची. कागदावर मी कुणीच नाही. विमानदुरुस्तीचा परवाना धनसिंगभाऊंचा, सही त्यांची, जबाबदारी त्यांची. मला ते ऐकायला बोलावतात. माझं शिक्षण दहावी, तेही गणितात काठावर. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांचं देवपुरात मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरचे पंप, कुलरचे पंप, पंखे. जळालेली तांब्याची तार उपसायची, नवी भरायची. दुकानाच्या कोपऱ्यात लोकांनी दुरुस्तीला टाकून परत नेलेच नाहीत असे रेडिओ पडलेले. पहिल्या उन्हाळ्यात कंटाळा आला म्हणून त्यातला एक उघडला. खरखर कुठून येते ते शोधत जायला मला फार आवडलं. माणसांच्या घरात खरखर कुठून येते हे नव्या सुनेला कुणी शोधू देत नाही, रेडिओ देतो. मग वर्षांनी धुळ्याच्या धावपट्टीवर शिकणारं एक पोरगं तुटका हेडफोन घेऊन आलं, म्हणालं, कुणी हातच लावत नाही, ताई. मी लावला. तिथून ही वाट इथं आली, आणि माझ्या मागून माझा भूषण आला.

हे विमान भूषणनंच जोडलंय. म्हणजे त्यातलं बोलण्या-ऐकण्याचं सगळं. डिप्लोमा करून तो याच हँगरात लागला होता, पिंप्राळ्यात खोली घेऊन राहायचा, शनिवारी संध्याकाळी कपड्यांचं गाठोडं घेऊन देवपूरला. दोन वर्षांपूर्वी शेठनी विमान आणलं तेव्हा त्यानं सगळ्या तारा नव्या ओढल्या. शेठ स्वतः इथं यायला लागले ते गेल्या वर्षभरात, त्यांनी त्याला कधी पाहिलं नाही. गेल्या मे महिन्यात भूषण गेला. आमच्याच घरात, पुढच्या खोलीत, खिडकीतल्या लोखंडी कुलरला चिकटून. चोवीस वर्षांचा होता. हँगरात सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणून हँगरात त्याचं नाव कुणी घेत नाही. तारा उघडल्या की म्हणतात, आधीच्यानं केलंय. आधीच्याची पक्कड. आधीचा असता तर. मी समोर असले की आवाज आणखी खाली जातो. लोकांची माया अशी असते, ती तुमच्या माणसाचं नाव आधी पुसते.

आम्ही एकेक बंद करत गेलो. हे काम कसं असतं, तर सगळ्यांवर संशय घ्यायचा आणि एकेकाला घराबाहेर काढायचं. आधी पंखांवरचे लुकलुकणारे दिवे बंद केले. शीळ तशीच. शेठनी मोबाइल चार्ज करायला लावलेली स्वस्तातली पेटी उपटली. ते ओशाळले, मलाही वाटलं, हीच चोर असेल, पण नाही, शीळ तशीच. मग रेडिओच बंद केला, तरी शीळ हेडफोनात जिवंत. म्हणजे ती बाहेरून हवेतून येत नव्हती. "घरचीच आहे," मी म्हटलं. धनसिंगभाऊंनी अल्टरनेटरचा, म्हणजे विमानातली वीज तयार करतो त्याचा, खटका खाली केला आणि एकदम, कुणी उशी दाबावी तशी शांतता झाली. खटका वर, शीळ. खटका खाली, शांतता. शेठ लहान मुलासारखे म्हणाले, "मग तोच बिघडलाय ना!" मी म्हटलं, "तो त्याचं काम करतोय, शेठ. त्याची कुजबुज ऐकण्याच्या तारेत कोण आणून सोडतंय, ते शोधायचंय." धनसिंगभाऊ हसले. त्यांना हे वाक्य ओळखीचं वाटलं असणार. भूषण असंच बोलायचा, आणि भूषणला मी शिकवलं होतं.

त्याला मी आणखी एक गोष्ट शिकवली होती. अर्थिंग नेहमी दोन्हीकडून दे. एक सुटलं तर दुसरं धरून ठेवतं. हे माझं ज्ञान शेतातलं. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीला मी माहेरी लहानपणापासून दोन-दोन अर्थिंगच्या तारा बघितलेल्या. उन्हाळ्यात आमच्याकडची जमीन अशी तापते की एका तारेचा भरवसा नसतो, मीठ-कोळसा घालून खड्ड्यात बादल्या ओताव्या लागतात. तो म्हणायचा, "मम्मी, तुझं प्रेमपण असंच आहे, दोन्हीकडून बांधलेलं, माणूस हलूच शकत नाही." मी त्याच्या पाठीत धपाटा घालायचे. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याच्या दप्तराला मी दोन ठिकाणी नाव शिवलं होतं, आतून आणि बाहेरून. पिंप्राळ्याच्या खोलीची एक किल्ली त्याच्याकडं, एक माझ्याकडं. शनिवारी एसटीत बसल्यावर त्यानं फोन करायचा, आणि पारोळ्याला आल्यावर पुन्हा.

उजव्या सीटपुढच्या पत्र्यात हेडफोन खुपसायचं भोक असतं. त्याची चकती मी फिरवून सैल केली आणि आतला पितळी नळा तारांसकट बाहेर ओढला. इंजिन चालू, धनसिंगभाऊ डावीकडं, शेठ आता मागं. नळा माझ्या बोटांत लोंबत होता आणि शीळ नव्हती. गप्प. मी नळा पत्र्याला टेकवला. शीळ. उचलला, गप्प. टेकवला, शीळ. मी हे किती वेळा केलं कुणास ठाऊक. धनसिंगभाऊंनी इंजिन बंद केलं, पंखा दोनदा आचके देऊन थांबला आणि कानात खरीखुरी शांतता आली, ज्यात दूर कुठंतरी टिटवी ओरडत होती. मी हातातली बॅटरी लावून आत बघितलं. ऐकण्याच्या तारेभोवती जाळीचं कवच असतं, ते एकाच टोकाला विमानाच्या अंगाला जोडायचं असतं. दुसरं टोक मोकळं सोडायचं. नळ्याखाली फायबरचा वॉशर घालायचा, पत्र्याला शिवू द्यायचा नाही. दोन्हीकडून जोडलं की गोल वाट तयार होते आणि त्या वाटेनं अल्टरनेटरची कुजबुज फिरत राहते. विमानाची पुस्तकं मी नंतर वाचली, भूषणचं हे काम होऊन गेल्यावर. इथं वॉशर नव्हताच. आणि नळ्यापासून पत्र्याच्या स्क्रूपर्यंत, वीतभरही नाही, एक जास्तीची तार होती. तिच्यावर घरातल्या वायरीचं सोलून काढलेलं हिरवं कवच चढवलेलं. विमानात कुणी हिरवं कवच चढवत नाही. आमच्या देवपूरच्या दुकानात चढवतात. सोल्डरचा टाका चकचकीत, बाजरीच्या दाण्याएवढा.

"दोन वर्षं कसं काय गप्प होतं मग?" शेठनी विचारलं. धनसिंगभाऊंनी सांगितलं, वार्षिक तपासणीत गंजलेले सगळे जोड घासून साफ केले, त्यात हा स्क्रूपण साफ झाला. म्हणजे गंज होता तोवर जोड नावापुरता होता. साफ केल्यावर बोलायला लागला. शेठ वाकून बघत होते. "काम मात्र स्वच्छ आहे हो पोराचं," ते म्हणाले, "फक्त जास्तच केलंय." "हो," मी म्हटलं, "जास्तच केलंय." "कुठं असतो आता?" धनसिंगभाऊ माझ्याकडं बघेनात. मी म्हटलं, "बाहेर असतो." शेठनी मान डोलावली. बाहेर म्हणजे पुणं नाहीतर दुबई. आमच्याकडं प्रत्येक घरातलं कुणीतरी बाहेर असतं.

मी कटर हातात घेतला आणि हात पुढं जाईना. तो जे शिकला ते त्यानं केलं होतं, इमानदारीनं, माझ्या शब्दाला धरून. आणि मी? मी दुसरं काही केलं होतं. गेल्या मेमध्ये मागच्या खोलीत, माझ्या टेबलावर, सहा हेडफोन सोमवारी द्यायचे होते आणि प्रत्येकात एक जाडी, खालच्या पट्टीतली गुणगुण येत होती. मी टेबलाचं सगळं उलटंपालटं केलं. मग लक्षात आलं की पुढच्या खोलीतला कुलर चालू असला की येते, बंद केला की जाते. कुलर बंद ठेवावा तर सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो, त्या कुलरसमोर पडलेल्या, बाहेर पंचेचाळीस. मी कुलरची तीन पिनांची पिन उघडली आणि हिरवी वायर कापून मागं दुमडून टेप लावली. दोन दिवसांसाठी. गुणगुण अशी गेली की मला हसू आलं. शनिवारी भूषण आला, हेडफोन कानाला लावून म्हणाला, "मम्मी, एकदम साफ! कशी घालवलीस?" मी म्हटलं, "घालवली." "सांग ना." "सगळंच पोराला सांगायचं नसतं, मास्तरानं एक विद्या राखून ठेवायची असते." तो खूप हसला. रविवारी सकाळी आंघोळ करून ओल्या पायानं त्यानं कुलरमध्ये पाणी सोडायला घेतलं. त्या पंपातून वीज गळत होती. कितीतरी दिवस गळत असणार, आणि हिरव्या वायरीतून मुकाट्यानं जमिनीत जात असणार, आणि जाता जाता माझ्या टेबलावर गुणगुणत असणार. ती गुणगुण म्हणजे कुलर सांगत होता. पंचवीस वर्षं खरखर कुठून येते ते ऐकणाऱ्या बाईनं ते ऐकलं, आणि त्याचं तोंड बंद केलं.

दवाखान्यातून मी घरी आले तेव्हा पंचनामा झाला होता. वायरमननं पिन उघडून बघितली होती, अर्थिंग जागच्या जागी. मग पंप उघडला. "पंप कुणी भरला होता?" असं हवालदारानं विचारलं, आणि ह्यांनी सांगितलं, "मी." गल्लीतले वीस लोक उभे होते. तेराव्यानंतर मी एकटी असताना ती पिन उघडली. हिरव्या वायरीचं टोक नव्यानं सोललेलं होतं, आणि तार डावीकडून दोन वेढे देऊन आवळलेली. असे वेढे देवपुरात एकच माणूस देतो. मी दवाखान्याच्या फरशीवर बसले होते तेव्हा तो माणूस घरी येऊन माझी कापलेली वायर जोडत होता, ज्या हातांनी पोराला कुलरपासून ओढलं त्याच हातांनी. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत पोर गेलं ते बापानं भरलेल्या पंपामुळं. लोकांनी दुकानात यायचं सोडलं, तोंडावर कुणी काही बोललं नाही, मोटारी फक्त दुसरीकडं जाऊ लागल्या. दिवाळीत ह्यांनी शटर ओढलं ते ओढलंच. अक्का मात्र तोंडावर बोलतात, त्यांचा तो नातू होता. आणि हे ऐकून घेतात. मी समोर असते, पोळी लाटत असते. आम्ही दोघं हिशोबानं बोलतो, गॅस संपला, दूधवाला आला नाही, औषध घेतलं का. त्यांनी मला वाचवलं की माझं बोलणं कायमचं बंद केलं, हे अकरा महिने मला ठरवता आलेलं नाही. कधी कधी वाटतं, ते वाट बघतायत. कधी वाटतं, मी बोलले तर त्यांच्याकडं उरलेलं एवढंच एक काम मी त्यांच्या हातातून काढून घेईन.

"वहिनी, मी कापू का?" धनसिंगभाऊ हळूच म्हणाले. "नको," मी म्हटलं आणि कापली. टक् असा आवाज झाला, नख कापल्यासारखा. वॉशर घातला, नळा बसवला, चकती आवळली. इंजिन चालू केलं. धनसिंगभाऊंनी दांडी पार पुढं नेली, विमान जागच्या जागी थरथरलं, आणि कानात काहीच नव्हतं, फक्त शेठचा श्वास. मग टॉवरवरचा माणूस बोलला, वाऱ्याचा वेग आणि दिशा, प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. शेठनी मागून माझ्या खांद्यावर थोपटलं आणि मग बाईमाणूस म्हणून पटकन हात काढून घेतला. "फैजपूरला घरी या एकदा, ताई. साहेबांना घेऊन." मी बरं म्हटलं. ह्यांना आजवर कुणी साहेब म्हटलेलं नाही.

हँगरात टेबलावर धनसिंगभाऊ विमानाच्या नोंदवहीत लिहीत होते. मी पाणी पीत उभी होते. वाचायचं नव्हतं, पण त्यांचं अक्षर मोठं आहे. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, इन्सुलेशनचा वॉशर झिजलेला, बदलला. "वॉशर झिजला नव्हता, भाऊ," मी म्हटलं. "वॉशर नव्हताच. आणि जास्तीची वायर होती." त्यांनी पेन खाली ठेवलं. "वहिनी, आवाज गेला ना? आता कशाला त्याच्या माथी..." एवढ्यावर ते थांबले. अकरा महिन्यांत ते पहिल्यांदा त्याच्या नावाच्या इतकं जवळ आले होते. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात भूषणनं सगळं लायटिंग केलं होतं. मी म्हटलं, "उद्या तुम्ही नसाल, मी नसेन. दुसरं कुणी हे उघडेल, तुटकी वायर दिसेल, वही बघेल. वहीत नुसता वॉशर. तो म्हणेल, अरे, ही तुटली वाटतं, आणि जोडून देईल. टॉवरवाला काय म्हणाला ते शेठना वर गेल्यावर ऐकू येणार नाही." मग त्यांनी त्या ओळीवरून एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, बाजूला सही केली, तारीख टाकली आणि खरं कारण लिहिलं. तिथं तसाच नियम आहे, चुकीचं खोडायचं, पण बुजवायचं नाही. मी बघत राहिले. सगळ्याला मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

एसटीत खिडकीशी बसले. एरंडोलच्या पुढं कपाशीची रिकामी रानं, नांगरून पडलेली काळी ढेकळं, मधेच कुठं हिरव्या केळीचा तुकडा. पारोळ्याला माझा हात आपोआप पिशवीतल्या फोनकडं गेला, फोन वाजेल म्हणून. तो आता तिथून करत नाही, हे माझ्या हाताला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात पहिला शब्द 'ह्यांनी' येत होता. ह्यांनी जोडली. ह्यांनी सांगितलं नाही. ह्यांनी माझ्यासाठी. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात उतरले तोवर एवढंच ठरलं होतं की वाक्य 'मी'नं सुरू करायचं.

दिवेलागणीला घरात शिरले. गल्लीतले कुलर यंदाही लागलेत, प्रत्येक खिडकीतून ओल्या वाळ्याचा वास येत होता. आमची खिडकी तेवढी उघडी. ह्यांनी कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी शेजारणीकडून करून आणल्या होत्या, ठेचा स्वतः कुटला होता, आणि ताटं मांडून माझी वाट बघत बसले होते. "झालं का काम?" "झालं." "काय होतं?" मी म्हटलं, "अर्थिंग." त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली, हात जरासा थांबला, मला दिसलं. अक्का भिंतीला टेकून पदरानं वारा घेत होत्या. "उकाडानं जीव चालना मना," त्या म्हणाल्या आणि मग ह्यांच्याकडं वळल्या, रोज वळतात तशा, "जगन्या मोटरी भऱ्यात याने, घरनी भरता उनी नही." ह्यांनी मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडला, तोही रोजच्यासारखा, शांतपणे, ते बोलणं ताटातलंच काहीतरी असावं तसा. तो तुकडा त्यांनी ठेच्यात बुडवला. मी हातातला घास ताटात ठेवला. "अक्का," मी म्हटलं. ह्यांनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते भीतीच असावं, पण माझ्यासाठी होती की स्वतःसाठी, सांगता येणार नाही. "दीपा, जेव तू आधी," ते म्हणाले, घाईनं, आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मी तांब्याला हात लावला नाही. अक्कांशी मी एरवी शहरातलं बोलते, त्या दिवशी त्यांच्याच बोलीत बोलले, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

"मी, अक्का. कुलरनी हिरवी वायर मी काढेल व्हती. यास्नी नही. मी."